आचार्य धर्मानंद कोसंबी : परदेशी गुरुगृहीचे विद्यार्थी

गोमंतकातील देवस्थानांच्या इतिहासात स्थलांतराचे प्रकरण मोठे आहे. सोळाव्या शतकात साष्टी महालातील देवालयांवर संकट कोसळले, तेव्हा भाविकांनी आपली दैवते मस्तकी धरून अघनाशिनीचे पात्र ओलांडले आणि पैलतीरीच्या परक्या राज्यात त्यांची पुनःस्थापना केली. संखवाळ गावचे श्रीलक्ष्मीनृसिंह याच रीतीने अंत्रुज महालातील वेलिंग येथे येऊन स्थिरावले. अनोळखी भूमीत, अनोळखी माणसांच्या आधाराने राहावे, तेथील रीतीभातींशी जुळवून घ्यावे आणि तरीही ज्यासाठी घरदार सोडले ते हातचे जाऊ देऊ नये, हा धडा आपल्या पूर्वजांनी त्या काळी गिरविला. त्याच संखवाळ गावी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी एका सारस्वत कुटुंबात जन्मलेल्या एका मुलाने तीनशे वर्षांनंतर हाच धडा निराळ्या कारणासाठी पुन्हा गिरविला. तो कोणाच्या जुलुमामुळे परदेशी गेला नाही. त्याला एका प्रश्नाचे उत्तर हवे होते आणि ते उत्तर आपल्या देशात मिळेना, म्हणून तो गेला. तो मुलगा म्हणजे पुढे पाली भाषेचे आणि बौद्ध विद्येचे थोर पंडित म्हणून सर्वदूर मान्यता पावलेले आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी.

परदेशी विद्यार्जन म्हटले की विलायतेतील बॅरिस्टरीची पदवी, लिस्बन वा कोईंब्रा येथील विद्यापीठ, निदान मुंबईतील कॉलेज तरी आपल्या डोळ्यांसमोर येते. धर्मानंदांच्या वाट्याला यांपैकी काहीच नव्हते. त्यांच्या तरुणपणी पणजीचे लिसेव स्थापन होऊन पुष्कळ वर्षे लोटली होती आणि ऐपतदार घराण्यांतील मुले पोर्तुगीज शिक्षण घेऊन सरकारी नोकरीत शिरत होती. दुसरी काही मुले बेळगाव, धारवाड किंवा मुंबईचा रस्ता धरीत. धर्मानंदांचे शिक्षण मात्र गावच्या मराठी शाळेपुरतेच राहिले. प्रकृती नाजूक, घरची मिळकत माडांच्या बागाइतीवर अवलंबून, आणि त्या बागाइतीची देखभाल करणे हेच त्यांच्या पुढ्यात वाढून ठेवलेले काम. १८९१ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास, लाड घराण्यातील बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्या काळच्या मध्यम स्थितीतील गोमंतकीय गृहस्थाचे आयुष्य जसे जाते, तसेच त्यांचेही जाणार हे जवळजवळ ठरून गेले होते.

ते तसे गेले नाही, याचे कारण वाचन. माडांच्या राखणीत आणि संसाराच्या विवंचनेत त्यांनी मराठी पुस्तके मिळवून वाचली. तुकोबांच्या अभंगांनी त्यांच्या मनात वैराग्याचे बीज टाकले. पुढे मुलांसाठी निघणाऱ्या एका मासिकात भगवान बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि त्या थोड्याशा पानांनी त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. या महापुरुषाने खरोखर काय सांगितले, हे मुळातून जाणून घ्यावे, असा ध्यास त्यांना लागला. ज्या देशात बुद्ध हिंडला आणि निर्वाणास गेला, त्या देशात त्याची वाणी शिकवील असा गुरू त्यांना जवळपास कोठेही दिसेना. मराठीत तर मूळ बौद्ध ग्रंथ वाचावयास मिळणे अशक्यच होते.

१८९९ साली त्यांना पहिली कन्या झाली. तिचे नाव माणिक. त्याच वर्षाच्या अखेरीस धर्मानंदांनी घर सोडले. या एका वाक्यात केवढे दुःख सामावलेले आहे, ते सांसारिक माणसास निराळे सांगावयास नको. तरुण पत्नी, काही महिन्यांचे मूल, आणि परत कधी येणार याचा ठावठिकाणा नाही. चरित्रकार अशा प्रसंगी सिद्धार्थाच्या गृहत्यागाची उपमा देऊन मोकळे होतात. परंतु सिद्धार्थाची पत्नी राजवाड्यात होती आणि बाळाबाई गोव्यातील एका सामान्य घरात, नातलगांच्या आधाराने राहात होत्या. पतीच्या विद्येचा खर्च पैशात फारसा झाला नाही, कारण पैसा नव्हताच. तो खर्च बाळाबाईंच्या वर्षांनी भागविला गेला. धर्मानंदांचे मोठेपण सांगताना ही बाजू झाकून ठेवली, तर जमाखर्चाची एकच बाजू लिहिल्यासारखे होईल.

घर सोडल्यावर त्यांनी प्रथम पुणे गाठले. बौद्ध ग्रंथांकडे जावयाचे तर आधी संस्कृत आले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या ज्ञानवृद्धाची भेट घडली आणि प्रार्थनासमाजाच्या मंडळींचा आश्रयही लाभला. तथापि पुण्यात मन स्थिरावेना, म्हणून त्यांनी उत्तरेची वाट धरली. त्या काळी दक्षिणेतून काशीस निघालेल्या विद्यार्थ्याला आगगाडीने तापीकाठ ओलांडावा लागे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ सोडल्यावर बऱ्हाणपुरावरून खंडव्याकडे आणि तेथून पुढे मध्य हिंदुस्थानात जातो. दख्खनचा दरवाजा म्हणून ख्याती पावलेले ते जुने शहर मागे पडले, म्हणजे मराठी मुलखातील माणसाला आपण घरापासून दूर आलो याची पहिली जाणीव होई. बोली बदले, अन्न बदले, पाण्याची चव बदले. परदेशवासाची खरी सुरुवात अशा ठिकाणी होते. समुद्र पुष्कळ पुढे लागतो.

ग्वाल्हेरमार्गे धर्मानंद काशीस पोहोचले. काशीतील विद्यार्थिजीवन हे परदेशी राहण्याची पूर्वतयारीच ठरले. तेथे हिंदुस्थानच्या सर्व प्रांतांतील विद्यार्थी येत, अन्नछत्रात जेवीत, मिळेल त्या कोपऱ्यात पथारी टाकीत आणि पहाटे उठून व्याकरणाची सूत्रे घोकीत. धर्मानंदही अन्नछत्रातील जेवणावर राहून संस्कृत शिकले. घरी माडांच्या बागाइतीचा मालक म्हणून वावरलेल्या माणसाला इतरांच्या पंक्तीत, दुसऱ्याच्या दानावर जेवणे सोपे नसते. पहिला घास गिळताना अभिमानही गिळावा लागतो. तो त्यांनी गिळला. त्यांचे वय पंचविशीच्या घरात होते आणि सोबतचे विद्यार्थी पुष्कळसे त्यांच्याहून लहान होते. वयाने मोठे असून विद्येने लहान असणे ही स्थिती त्यांनी मनापासून पत्करली. पुढील सर्व प्रवासात त्यांच्या कामी आला तो हाच गुण.

काशीत असतानाच, नेपाळात बौद्ध धर्म अद्याप जिवंत आहे असे त्यांच्या कानी आले. १९०२ च्या आरंभी हिमालयाच्या पायथ्याची वाट तुडवीत ते काठमांडूस गेले. तेथे त्यांची निराशा झाली. स्तूप होते, पूजाअर्चा होती, परंतु ज्या मूळ वचनांच्या शोधात ते निघाले होते, ती शिकविणारा कोणी भेटला नाही. तेथून ते बुद्धगयेस आले. पाली शिकावयाचे असेल तर सिलोनला जावे, हा सल्ला त्यांना तेथेच मिळाला. कोणी दुसरा असता तर एवढ्या पायपिटीनंतर घरची वाट धरता. धर्मानंदांनी कलकत्ता गाठला, तेथून मद्रास, आणि १९०२ सालीच ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोहोचले.

सिंहलद्वीपाची त्या वेळची राजधानी कोलंबो. तेथील माळिगाकंद भागात विद्योदय नावाचे विद्यालय १८७३ मध्ये हिक्कडुवे श्रीसुमंगल महास्थविर यांनी स्थापिले होते. पाली व संस्कृत या दोन्ही भाषांत निष्णात असलेल्या या वृद्ध आचार्यांची कीर्ती युरोपातील पंडितांपर्यंत गेलेली होती. पाश्चात्य देशांतील विद्वान त्यांच्याशी पत्रव्यवहार करीत आणि सयामपासून ब्रह्मदेशापर्यंतचे भिक्षू त्यांच्यापाशी अध्ययनास येत. खिशात पैसा नसलेला आणि कोणत्याही विद्यापीठाची पदवी नसलेला गोव्याचा हा तरुण त्यांच्या पायाशी जाऊन बसला. त्याच वर्षी त्यांनी भिक्षुसंघाची दीक्षा घेतली.

वरवर पाहता सिलोन गोमंतकीय माणसाला परका वाटण्याचे कारण नाही. तोच समुद्रकिनारा, तेच माड, तीच भातशेती, तोच मुसळधार पाऊस. परंतु ओळखीच्या भूमीवरच परकेपणा अधिक टोचतो. माडाखाली उभे राहून माणूस आपल्या कुळागराची आठवण काढतो, आणि कानावर पडते ती सिंहली भाषा. त्यातून धर्मानंद राहात होते ते विहारात. विहारातील दिनक्रम विनयाच्या नियमांनी बांधलेला असे. पहाटे उठणे, झाडलोट करणे, वंदना, मग भिक्षापात्रात जे पडेल ते मध्यान्हीपूर्वी खाऊन घेणे. मध्यान्ह टळली की दुसऱ्या दिवसापर्यंत घन आहार वर्ज्य. भिक्षूने रुचीअरुची बोलून दाखवावयाची नसते आणि द्रव्याला हात लावावयाचा नसतो. अंगावर तीन चीवरे, एवढीच मालमत्ता. रात्री भाताच्या पेजेवाचून ज्याला झोप येत नाही, अशा आपल्याकडील माणसाने या नियमांचा क्षणभर विचार करावा, म्हणजे त्यांतील कष्टाची कल्पना येईल. सिलोनमधील अन्न धर्मानंदांना मानवले नाही आणि मुळातच नाजूक असलेली त्यांची प्रकृती ढासळली.

अन्नापेक्षाही मोठा अडथळा अक्षरांचा होता. पाली ही बोलावयास आणि समजावयास मराठी माणसाला फारशी दूरची नाही. हाताला हत्थ, कानाला कण्ण, कामाला कम्म, सातांना सत्त म्हणणारी ही भाषा आपल्या मराठीच्या आजीच्या नात्याची आहे. मात्र तिला स्वतःची अशी एक लिपी नाही. सिलोनमध्ये ती सिंहली अक्षरांत लिहिली जाते, ब्रह्मदेशात ब्रह्मी वळणाच्या गोलाकार अक्षरांत, सयामात सयामी अक्षरांत. युरोपात १८८१ मध्ये स्थापन झालेल्या पाली ग्रंथ प्रकाशक संस्थेने ती रोमन अक्षरांत छापावयास आरंभ केला होता. देवनागरीत त्रिपिटक उपलब्धच नव्हते. म्हणजे संखवाळच्या शाळेत मुळाक्षरे गिरविलेल्या या माणसाला पंचविशी उलटल्यावर पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागला, आणि तोही एकदा नव्हे. प्रथम सिंहली अक्षरे शिकावयाची, त्यांच्या साहाय्याने पाली व्याकरण पाठ करावयाचे, आणि मग ग्रंथ उघडावयाचा. पुढे ब्रह्मदेशात गेल्यावर पुन्हा नवी अक्षरे. या खटाटोपाला ते कंटाळले नाहीत. एकच वचन निरनिराळ्या लिप्यांत ताडून पाहण्याची सवय त्यांना याच दिवसांत लागली, आणि पुढे ज्या संपादनकार्याने त्यांना जागतिक कीर्ती मिळवून दिली, त्याचा पाया विद्यार्थिदशेतील या अडचणीनेच घातला.

प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना सिलोन सोडून मद्रासला यावे लागले. तेथून ते ब्रह्मदेशात गेले. तेथील भिक्षूंची शिस्त आणि अभिधम्माच्या अध्ययनाची परंपरा प्रसिद्ध होती. येथे त्यांनी नुसते ग्रंथ वाचले नाहीत, ग्रंथांत सांगितलेली ध्यानसाधनाही करून पाहिली. ज्ञानत्रिलोक नावाच्या एका जर्मन भिक्षूंचा सहवास त्यांना लाभला. हे गृहस्थ धर्मानंदांहून दोनच वर्षांनी लहान होते आणि तेही आपला देश व घर सोडून याच शोधात आलेले होते. इरावतीकाठच्या सगाइंगच्या टेकड्यांतील गुहांत या दोघांनी एकत्र साधना केली. एक गोव्याचा, एक जर्मनीचा, दोघांची मातृभाषा भिन्न, दोघेही तेथे परके, आणि दोघांना जोडणारी होती ती अडीच हजार वर्षांपूर्वीच्या महापुरुषाची वाणी.

या सर्व काळात गोव्यातील घराकडे काय चालले असेल? माणिक चालू लागली, बोलू लागली, आणि पित्याला न पाहताच मोठी होऊ लागली. बाळाबाईंनी पतीची वाट पाहिली. समाजात अशा स्त्रीची स्थिती किती अवघड असते, हे जुन्या पिढीतील वाचकांस ठाऊक आहे. ती सौभाग्यवती खरी, पण संसार नाही. मंगलकार्यात तिला बोलावतात आणि मागे कुजबूजही करतात. धर्मानंदांनी परदेशात जे सोसले त्याची त्यांनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात नोंद केली. १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘निवेदन’ हे पुस्तक मराठी आत्मचरित्रांत मानाचे स्थान पावले आहे. बाळाबाईंनी मात्र निवेदन लिहिले नाही.

सिलोन व ब्रह्मदेशातील अध्ययन आटोपून, बुद्धाच्या जीवनाशी निगडित अशा तीर्थस्थानांची यात्रा करून, १९०६ च्या सुमारास धर्मानंद कलकत्त्यास आले. येथे त्यांनी एक महत्त्वाचा निर्णय घेतला. मिळविलेली विद्या भिक्षूच्या विहारात ठेवून उपयोग नाही, ती आपल्या लोकांना दिली पाहिजे, असे त्यांना वाटू लागले होते. त्यांनी चीवरे उतरविली आणि ते गृहस्थाश्रमात परतले. सात वर्षांच्या खंडानंतर पत्नी व कन्या यांची भेट झाली. ज्याने परदेशी विहारात स्वतःला जुळवून घेतले, त्याला आता आपल्याच घराशी जुळवून घ्यावयाचे होते, आणि अनुभवी माणसे सांगतात की हे दुसरे काम पहिल्याहून कठीण असते. संसार पुन्हा उभा राहिला. १९०७ मध्ये पुत्र दामोदर याचा जन्म झाला.

कलकत्त्याच्या विद्यापीठात पाली शिकविण्याचे काम त्यांना मिळाले. शाळेची इयत्ताही पुरती न केलेला मनुष्य विद्यापीठात अध्यापक झाला, ही घटना आजही अपूर्व वाटेल. परंतु त्यांचे मन महाराष्ट्राकडे ओढ घेत होते. मराठी माणसाला बुद्धाची ओळख मराठीतून करून द्यावी, हा मूळ हेतू ते विसरले नव्हते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा ५० रुपयांचे साहाय्य देऊ केले, तेव्हा कलकत्त्याची नोकरी सोडून ते इकडे आले. कलकत्त्यातील वेतनाच्या मानाने ही रक्कम तुटपुंजी होती. संसारी माणसाच्या दृष्टीने हा व्यवहार आतबट्ट्याचाच. पण याच काळात मराठीतून बौद्ध विषयांवरील त्यांच्या लेखनास बहर आला, आणि डॉ. भांडारकर व त्यांच्या प्रयत्नांमुळे मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स वूड्स हिंदुस्थानात आले असता त्यांची व धर्मानंदांची गाठ पडली. बुद्धघोषाचार्यांनी पाचव्या शतकात सिलोनमधील अनुराधपुरी रचलेला ‘विसुद्धिमग्ग’ हा ग्रंथ म्हणजे बौद्ध साधनामार्गाचा ज्ञानकोशच होय. त्याची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडितांनी हाती घेतले होते. १८९९ मध्ये त्यांचे अकाली निधन झाल्याने ते अपुरे राहिले. योगायोग असा, की ज्या वर्षी वॉरन निवर्तले त्याच वर्षी धर्मानंदांनी घर सोडले होते. ते अपुरे काम पुरे करण्यासाठी हार्वर्डने १९१० मध्ये त्यांना पाचारण केले.

आता परदेश खऱ्या अर्थाने दूरचा होता. कडाक्याची थंडी, महिनोन्‌महिने बर्फ, अंगावर जाड लोकरी कपडे, बोलावयास इंग्रजी. ती भाषा त्यांना शाळेत मिळालेली नव्हती, स्वतःच्या प्रयत्नाने मिळवावी लागली होती. चीवर नेसणाऱ्याने कोट आणि बूट चढविले. सिलोनमध्ये ते गुरूच्या पायाशी बसणारे विद्यार्थी होते. येथे पदवीधरांच्या मेळाव्यात एक पदवीहीन पंडित म्हणून त्यांना उभे राहावयाचे होते. विद्येत ते कोठेही कमी पडले नाहीत. परंतु ग्रंथाच्या मुखपृष्ठावर संपादक म्हणून कोणाचे नाव कसे असावे, यावरून प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी त्यांचा मतभेद झाला आणि १९१२ मध्ये काम अर्धवट ठेवून ते स्वदेशी परतले. इतरांशी जुळवून घेण्यात आयुष्य घालविलेल्या या माणसाने येथे जुळवून घेतले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अन्न, वस्त्र, भाषा, हवा यांच्या बाबतीत त्यांनी कधी हट्ट धरला नाही. आपल्या श्रमाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर मांडले जाते असे दिसल्यावर मात्र ते स्वस्थ बसले नाहीत.

पुढील सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी पाली शिकविली. प्रा. पु. वि. बापट आणि प्रा. ना. के. भागवत यांच्यासारखे नामांकित पाली पंडित त्यांच्या हाताखाली तयार झाले. हार्वर्डने १९१८ मध्ये त्यांना पुन्हा बोलाविले. या खेपेस ते एकटे गेले नाहीत. कन्या माणिक आणि पुत्र दामोदर यांना त्यांनी बरोबर नेले. ज्या कन्येला पाळण्यात ठेवून ते विद्येसाठी निघून गेले होते, तिला आता त्यांनी विद्येसाठी सोबत नेले. माणिकने रॅडक्लिफ कॉलेजची पदवी संपादन केली. दामोदरने १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेतली आणि पुढे गणिती व इतिहाससंशोधक म्हणून पित्याच्या कीर्तीत भर घातली. बाळाबाई मात्र याही वेळी मागे राहिल्या.

धर्मानंदांच्या हार्वर्डच्या वाऱ्या १९३२ पर्यंत चालू राहिल्या. १९२९ मध्ये रशियातील लेनिनग्राड येथेही ते जाऊन आले. त्याच सुमारास देशात स्वातंत्र्याचा लढा पेटला आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन या वृद्धत्वाकडे झुकलेल्या पंडिताने कारावास पत्करला. गुजरात विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले, मुंबईत परळ येथे श्रमिकांच्या वस्तीत बहुजनविहार उभारला, आणि ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ मराठी वाचकांस दिला. विसुद्धिमग्गाची त्यांनी देवनागरीत सिद्ध केलेली आवृत्ती १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली. ज्या ग्रंथासाठी त्यांना एकेकाळी परक्या लिप्यांची अक्षरे गिरवावी लागली होती, तो आता आपल्या बालबोध अक्षरांत उपलब्ध झाला. हार्वर्डची रोमन आवृत्ती १९५० मध्ये वॉरन व कोसंबी या दोघांच्या नावांनिशी बाहेर पडली. ती पाहण्यास धर्मानंद हयात नव्हते.

जून १९४७ मध्ये महात्मा गांधींच्या सेवाग्राम आश्रमात, शरीर आता सेवेस उपयोगी राहिले नाही असे मानून, अन्नत्यागाने त्यांनी शांतपणे देह ठेवला. मध्यान्हीनंतर न जेवण्याचा नियम कोलंबोच्या विहारात शिकलेल्या या साधकाने अखेर अन्नाचीच रजा घेतली. त्यांच्या स्मरणार्थ पाली शिकण्यासाठी विद्यार्थी सिलोनला पाठवावेत, असा विचार गांधीजींनी पुढे मांडला. धर्मानंदांना याहून अनुरूप स्मारक दुसरे कोणते असणार?

आज आपल्या महाजन कुटुंबांतील कितीतरी मुलेमुली परदेशी विद्यापीठांत शिकत आहेत. त्यांना विमान आहे, शिष्यवृत्ती आहे, घरी रोज बोलता येते. तरी पहिल्या हिवाळ्यातील एकटेपण, जेवणाची आबाळ, परक्या भाषेत शिकताना होणारी घुसमट आणि मागे राहिलेल्यांची काळजी ही तीच आहे. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी या संखवाळच्या सुपुत्राचे चरित्र अवश्य वाचावे. श्रीनृसिंहदेव वेलिंगेस गेले तेव्हा त्यांच्यासाठी तेथे देऊळ बांधणारे हात होते. धर्मानंद परदेशी गेले तेव्हा त्यांचे घर राखणारे हात होते ते बाळाबाईंचे. आचार्यांच्या पुण्यस्मृतीस वंदन करताना त्या माउलीलाही वंदन केले, तरच ते पुरे होईल.